देवीखालची पुस्तकं

दहावीपर्यंत मी निपाणीच्या मराठी शाळेत शिकलो. मग वडिलांनी मला पीयूसीसाठी, म्हणजे अकरावी-बारावीला, बेंगळुरूला, जयनगरात आत्याकडे धाडलं. नव्वदीची सुरुवात होती, कॉम्प्युटरचा बोलबाला होता आणि आमच्या घरात एक तरी इंजिनिअर हवा होता. वर्गात सगळं इंग्रजीत, बाकावर सगळं कन्नडात, आणि मी मधे तोंड मिटून. कळत नव्हतं म्हणून पाठ करायचो. दुसऱ्या वर्षी गणित आणि फिजिक्स दोन्ही गेले. वडील फोनवर म्हणाले, "ऑक्टोबरात सुटले तर ठीक. नाहीतर गाशा गुंडाळायचा आणि दुकानात येऊन कापड मोजायचं."

त्यानंतर अभ्यास म्हटलं की मी दुसरंच काहीतरी काढायचो. पेन्सिलीला टोक काढ, टेबल पूस, पाणी पिऊन ये, की गेली सकाळ. जो तो सांगायचा, जिद्द धर. जिद्द काय कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते? त्या शब्दाची मला मनापासून चीड यायची, आणि आपल्याकडे ती नाही याची लाजही तेवढीच वाटायची.

परीक्षा दसऱ्याला लागूनच होती. आमच्याकडे दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढली, फुलं वाहिली, की संपलं. आत्याच्या घरात मात्र बेंगळुरूची रीत शिरली होती. पायऱ्यांवर बाहुल्या मांडायच्या, सप्तमीला घरातली पुस्तकं रेशमी वस्त्रात बांधून त्यांवर देवी बसवायची आणि दसरा उजाडेपर्यंत वाचायचं नाही, लिहायचंही नाही.

"एखादं बाहेर ठेवू की रे?" आत्या म्हणाली. "परीक्षा तोंडावर आली."

"नको, सगळीच ठेव," मी म्हणालो.

"सरी, तसंच करू. देवीच बघून घेईल."

तिला माझी भक्ती वाटली. मला सुट्टी मिळाली होती, तीही देवाच्या नावानं. त्या दुपारी मी किती गाढ झोपलो!

दुसऱ्या दिवशी हळदीकुंकवाला बायका आल्या. शेजारच्या अक्कांनी विचारलं, "ओदतियेनप्पा? अभ्यास करतोस ना?" मी नुसता देवीकडे हात केला. सगळ्या हसल्या. मला मात्र एकदम आठवलं, परीक्षेला आठवडाही उरला नव्हता.

गच्चीवर जाऊन मी गणितातली एक सिद्धता मनात म्हणायला लागलो. चौथ्या ओळीला अडलो आणि पुढचं सगळंच गेलं. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा तिथंच. पुस्तक असतं तर डोकावून पुढं सरकलो असतो. आता डोकावायला काही नव्हतं. शेवटी वैतागून मी स्वतःला मराठीत विचारलं, अरे, हे म्हणतंय तरी काय? वक्राच्या सगळ्यात उंच जागी उतार शून्य, एवढंच तर! निपाणीजवळचा तवंदीचा घाट चढून यष्टी माथ्यावर आली की क्षणभर ना चढ असतो ना उतार. मग मागची ओळ का आली ते कळलं, आणि पुढची माझी मीच जुळवली. दोन वर्षांत पहिल्यांदा काहीतरी माझं माझं आलं होतं. आनंदानं अंगावर काटा आला.

बरोबर आहे का, ते मला त्याच क्षणी बघायचं होतं. धावत खाली आलो. "आत्या, एकच पुस्तक काढू दे."

"खुळा का काय? देवी हलवायची नसते. परवा काढू."

"मला आत्ता पाहिजे गं."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मी देवीपुढं उभा राहून लहान पोरासारखा रडत होतो. "इतके दिवस हात लावला नाहीस," ती हळूच म्हणाली, "आणि आज कसं रे हवं झालं?" पण देवी तिनं हलवली नाही.

दसऱ्याला पुस्तकांचं वस्त्र सोडलं. माझं बरोबर होतं. मग मी तहानभूक विसरून बसलो, सगळं मराठीत फोडून समजून घेत. पण दोन वर्षांचं ते दोन-चार दिवसांत कुठून निघणार? गणित सुटलं. फिजिक्सपर्यंत पोचलोच नाही.

निकालानंतर वडील न्यायला आले. आत्यानं चहा आणला. मी म्हणालो, "आणखी एकदा बसू द्या. आता मला खरंच अभ्यास करायचाय."

"मागच्या वेळीही हेच म्हणाला होतास," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता.

म्हणालो होतो. पण या वेळचं खरं होतं. मी आत्याकडे बघितलं. पुस्तकासाठी मला रडताना पाहणारी तेवढी एकच होती. पण थोरल्या भावासमोर ती जन्मात कधी बोलली नव्हती. तिनं पदर नीट केला, कपबशा उचलल्या आणि आत गेली.