नारळाची दुसरी वाटी

ही गोष्ट सांगायची लाज वाटते, म्हणून आजवर टाळली. आम्ही अंधेरीच्या किनाऱ्यावरचे कोळी. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय आमच्यात कुणी होडी लोटत नाही. मी साकीनाक्याच्या कारखान्यात फिटर झालो, घरात रंगीत टीव्ही आणला, आणि हे सगळं मला मागासलेलं वाटू लागलं.

त्या पावसाळ्यात कारखान्यानं मला यंत्र बसवायला सिंगापूरला पाठवलं. निघताना आयनं कुंकू लावलेला नारळ पिशवीत घातला. म्हणाली, "पुनवेच्या आधी दर्यात उतरू नको. उतरलास तर आधी ह्यो दे."

काम संपल्यावर तिथला एक ऑस्ट्रेलियन इंजिनीअर मला चार दिवस बालीला घेऊन गेला. त्याला फळीवर उभं राहून लाटांवर घसरायचा नाद. आम्ही उतरलो त्या घरची बाई मासळीच्या खिम्यात ओला नारळ घालून तो गवती चहाच्या दांड्यांवर थापायची आणि निखाऱ्यावर भाजायची. पहिल्याच घासाला आयची चूल आठवली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्याकडचा नारळ संपला, तेव्हा मी माझा काढून दिला. कुंकू पाहून ती थबकली. तिनं समुद्राकडे बोट दाखवून खुणेनं विचारलं, त्याचा आहे का? सोबत्यासमोर मला ओशाळायला झालं. मी हसून मान हलवली, नाही. पौर्णिमेला अजून पाच दिवस होते. मी पोटभर खाल्लं आणि फळी घेऊन पाण्यात उतरलो.

पाचव्या-सहाव्या लाटेला फळी हातातून सुटली. पाण्याखालून ओढ लागली आणि किनारा लांब जाऊ लागला. मी कोळ्याचा पोर, तरी वेड्यासारखे हात मारत राहिलो. जितके मारले तितका आत गेलो. घशाशी खारं पाणी आलं, त्याबरोबर नारळाची चव आली, आणि मला कळलं मी काय खाल्लंय. इतकी भीती मला पुन्हा कधी वाटली नाही. आयला हाक मारली, देवाचं नाव तोंडात आलंच नाही.

तेवढ्यात एका छोट्या होडीतून एक म्हातारा ओरडला. भाषा कळेना. रडणाऱ्या पोराला निजवावं तसा तो हाताचा पंजा हळूहळू खाली दाबत होता. मी हात मारायचे थांबवले, उताणा पडलो, पाण्याला म्हणालो, ने कुठं न्यायचंय तिथं. पाण्यानं मला बाजूला वाहवत नेलं आणि होडी माझ्यापाशी आली.

म्हाताऱ्यानं मला किनाऱ्याला आणलं, तिथं घरची ती बाई उभी होती. तिनं मला वाळूत ठेवलेली झावळीची परडी दाखवली. फुलं, चिमूटभर भात, आणि माझ्या नारळाची एक वाटी, कुंकवासकट. तिनं खुणांनी सांगितलं, मी पाण्यात उतरण्याआधीच तिनं ती दर्याला वाहिली होती. मला फक्त दुसरी वाटी वाढली होती.

म्हातारा कोण, कुठला, मी विचारलं नाही. घरी येऊन आयपाशी सगळं कबूल केलं. ती रागावेल असं वाटलं होतं. तिनं मासळीची टोपली धुऊन उपडी घातली. मग म्हणाली, "एक वाटी तिनं दिली. तुजी?"

तेव्हापासून दर पुनवेला मी दर्यावर जातो. पाय पाण्याला लागले की अजून भीती वाटते. मी ते लपवत नाही. नारळ सोडतो, हात मोकळे सोडून उभा राहतो, आणि एका परक्या बाईचे आभार मानतो.