पतीचं नाव सांगत नाही

आप्पांनी माझ्या संशोधनाची चेष्टा केली नसती, तर त्यांच्या बहिणीविषयी मला कधी कळलंच नसतं. शिरूरच्या कॉलेजात मी इतिहास शिकवायचे आणि आप्पा-काकूंच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचे. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मनाचा आजार झालेल्या माणसांना आपल्या भागात पूर्वी कुठे ठेवत, त्यांचं काय करत, हा मी पीएच.डी.चा विषय घेतला होता. माझे मार्गदर्शक सोडले तर तो कुणालाच आवडत नव्हता, आणि मार्गदर्शकांबद्दलही मला खात्री नव्हती.

"येड्यांचा इतिहास," आप्पा काकूंना म्हणाले, वर मला ऐकू येईल अशा बेताने. "शाण्यांचा संपला वाटतं."

माझा राग नाकावर असतो. मी तरातरा जिना उतरले आणि त्यांना ऐकवलं, की दौंडला स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर एक धर्मादाय दवाखाना होता. गाडीतून उतरवलेली, फलाटावर सापडलेली, घरच्यांनी आणून सोडलेली माणसं तिथे ठेवत. तो बंद पडून जमाना झाला, पण कागद अजून गोदामात आहेत आणि मी दर शनिवारी ते वाचायला जाते. यात हसण्यासारखं काय आहे ते सांगा.

आप्पांचं हसू केव्हाच गेलं होतं. काकू उठून स्वयंपाकघरात गेल्या.

"स्टेशनापासनं हाकेवर?" आप्पांनी विचारलं. "कुठल्या अंगाला?"

मग त्यांनी सांगितलं. ते शाळेत होते तेव्हा त्यांची थोरली बहीण, त्यांची आक्का, पाटसकडे दिलेली होती. पहिलं मूल गेलं आणि ती बोलेनाशी झाली. रात्री-बेरात्री उठून रानात जाऊन बसायची. सासरची माणसं तिला देवदर्शनाला म्हणून घेऊन निघाली आणि परत आली ती तिच्याशिवाय. दौंडच्या गर्दीत चुकली म्हणाली. वडिलांनी वर्षभर शोधलं आणि मग ते थकले. आप्पा कमवायला लागल्यापासून दर भाऊबीजेला दौंडला जाऊन फलाटावर बसत. सकाळी जायचे, दिवेलागणीला परत यायचे. दुसऱ्या कुणाकडून ओवाळून घेत नसत. या बाबतीत घरात त्यांना कुणी काही विचारायचं नाही, असा अलिखित नियम होता.

"जिथं चुकली तिथंच यील, आसं वाटायचं मला," ते म्हणाले. "तुमी आता बघा. आसंल तर हाय म्हणा, गेली आसंल तर गेली म्हणा. येवढं कळू द्या मला."

नावावरून शोध लागणार नव्हता. तिचं नाव निम्म्या तालुक्यातल्या बायकांचं होतं, आणि त्या कागदांत आडनावाचा पत्ता नसायचा. मी खूण विचारली.

"डाव्या मनगटावर तुळस गोंदलीया. निम्मीच. सुई टोचली तशी हात हिसकून पळाली. गोंदणारीण मागं, आन् आय तिच्या मागं. परत काय गोंदून घेतलं न्हाई."

हे सांगताना ते हसले, आणि मला वाटलं, आपण या भानगडीत पडायला नको होतं.

कारण आप्पांच्या पोटात गाठ निघाली होती आणि पुढच्या आठवड्यात शिरूरमध्येच ऑपरेशन ठरलं होतं. शिवाय दौंडच्या त्या दवाखान्याच्या विश्वस्तांनी गोदामाची जागा विकली होती. सोमवारी रद्दीवाल्याचा टेम्पो येणार होता. म्हणजे माझ्या हातात एकच शनिवार होता. निघताना काकूंनी मला दारात गाठलं.

"घावली तरी आत्ताच काय बोलू नगा. आपरेशन होऊ द्या. ह्यांचं काळीज लई हळवं हाय."

मी हो म्हणाले.

त्या शनिवारी सगळ्या गोष्टींनी माझ्याशी वैर धरलं होतं. चौफुल्याला गाडी मिळाली नाही, मिळाली ती पाटसला अडकली. कारखान्याचा हंगाम जोरात होता, उसाच्या दोन ट्रॉल्या रस्त्यात आडव्या झाल्या होत्या. लोक खाली उतरून निवांत ऊस खात उभे होते. मी कंडक्टरशी भांडले, त्या बिचाऱ्याचा काही संबंध नसताना. गोदामात पोचेपर्यंत दुपार कलली होती, आणि राखणदार पाचच्या ठोक्याला कुलूप लावायचा.

लाल कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्याला दप्तरखान्यात रुमाल म्हणतात. रुमाल सोडायचा, कागद बघायचे, परत बांधायचा, ही माझी शिस्त. त्या दिवशी मी एकही परत बांधला नाही. धुळीने घसा बंद झाला. राखणदार दोनदा डोकावून गेला. प्रत्येक कागदावर शरीरावरच्या खुणांचा रकाना होता आणि मी फक्त तेवढाच वाचत होते: भाजल्याचा डाग, सहा बोटं, कपाळावर गोंदण. मनात देवाला एकदा म्हणत होते की सापडू दे, आणि एकदा म्हणत होते की नको.

ती सापडली. डाव्या मनगटावर तुळशीचं गोंदण, अपूर्ण.

नाव तेच होतं. आणलेलं ठिकाण, दौंड स्टेशन. सगळं इंग्रजीत, कुणा परप्रांतातून आलेल्या डॉक्टरच्या तिरक्या अक्षरात. पतीचं नाव सांगत नाही. स्मृती गेलेली. पुढच्या वर्षी परत तपासणी: प्रकृती शांत, आता बोलते, कामाला हुशार, पतीचं नाव विचारलं की मान खाली घालते, स्मृती नाही. त्याच्या पुढच्या वर्षी तेच. आणि तळाशी दवाखान्याचा नियम छापलेला, की विवाहित स्त्रीला तिच्या पतीच्याच ताब्यात द्यावं. अशी कित्येक वर्षं गेली होती. शेवटी तापाने मृत्यू. वारस नाही.

राखणदार किल्ल्या वाजवत आला. "रद्दीच हाय ती. पायजे ते न्या," तो म्हणाला. उचलवतील तेवढे रुमाल घेऊन मी निघाले.

परतीच्या गाडीत मला खरं तर हायसं वाटलं. तिची स्मृतीच गेली होती. माहेर आठवत नव्हतं, म्हणून ती कुणाची वाटही बघत नसणार. भाऊ हाकेच्या अंतरावर फलाटावर बसलेला असताना ती आत होती, हे तारखांवरून उघड होतं आणि ते मला खुपत होतं. पण जिला भाऊच आठवत नाही तिला त्याचं काय? ऑपरेशन झालं की आप्पांना असंच सांगायचं, मी ठरवलं. वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली.

दोन दिवसांनी मतदारयादीवाला मास्तर आला. आप्पा रक्त तपासायला गेले होते. मी वरच्या गॅलरीत बसून तोच कागद नकलून घेत होते.

"घरमालकांचं नाव?" मास्तरने खाली विचारलं.

काकू काही बोलेनात.

"अहो आजी, मालकांचं नाव?"

काकूंनी मान खाली घातली, पदर सारखा केला, आणि वर बघून मला हाक मारली. "बाई, जरा ह्यांचं नाव सांगा की ह्या मास्तरांना."

मी नाव सांगितलं. मास्तर लिहून घेऊन गेला. त्याला यात काही नवीन नव्हतं. मलाही नव्हतं, माझ्या आईनेही कधी वडिलांचं नाव तोंडाने घेतलं नाही. मी परत समोरच्या कागदाकडे बघितलं. पतीचं नाव विचारलं की मान खाली घालते.

तिला सगळं आठवत होतं. ती सासरची रीत पाळत होती, दर वर्षी, त्या डॉक्टरसमोर, आणि तो दर वर्षी लिहीत होता की हिला काही आठवत नाही. मी इतिहासाची बाई, मी त्याच्यावर विश्वास ठेवला होता. त्या डॉक्टरचा मला इतका संताप आला की हातातलं पेन मी भिंतीवर फेकलं.

आता जुळवलेली वाक्यं खोटी झाली होती. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळपर्यंत मी आप्पांना तोंड दाखवायचं टाळलं. पण ते स्वतःच जिना चढून वर आले, धापा टाकत, आणि माझ्या खाटेवर बसले. मागोमाग काकू आल्या आणि दारात उभ्या राहून मला डोळ्यांनी नको नको म्हणायला लागल्या.

"घावली न्हवं?" आप्पा म्हणाले. "तुमी दोन दिस खाली फिरकला न्हाई, तवाच वळखलं म्या. जिती हाय?"

"नाही आप्पा. तिथेच गेली. खूप वर्षं झाली."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं, एवढ्यावर सुटलो.

"म्या फलाटावर बसायचो, तवा हुती ती तिथं?"

काकूंनी डोळे मिटले. मला खोटं बोलता आलं असतं. उद्या या माणसाचं पोट फाडणार होते. पण त्यांनी एवढंच तर मागितलं होतं.

"होती. सात-आठ भाऊबिजा तरी होती."

"मंग धाडली का न्हाई त्यांनी?"

मी कागद वाचून दाखवला, मराठीत, एकेक ओळ. पतीचं नाव सांगत नाही, इथे आले तेव्हा आप्पांनी हात वर करून मला थांबवलं.

"ती कशी घील?" ते म्हणाले. "न्हाईच घ्यायची ती. पर भावाचं नाव तर घेता येतं की. माझं नाव घेतलं आसतं तिनं. कुणी इचारलं का न्हाई?"

त्या कागदावर भावासाठी रकानाच नव्हता, हे मला त्यांना सांगवलं नाही. पण त्यांना ते कळलंच असावं. ते रडले, मोठ्याने, आणि काकू त्यांच्याजवळ येऊन बसल्या.

सकाळी आम्ही दवाखान्यात गेलो. आप्पांना आत नेलं. खिडकीतल्या मुलीने संमतीचा फॉर्म पुढे ओढला. "सही तुम्ही करणार? तुमचं नाव सांगा, आणि पतीचं नाव."

काकूंनी आपलं नाव सांगितलं. पुढचं सांगायला मी सवयीने तोंड उघडलं. काकूंनी माझा हात दाबला. त्यांनी पदर सारखा केला आणि आप्पांचं नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. मी त्या घरात चार वर्षं राहत होते. ते नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. त्यांचा आवाज कापत होता, पण मुलीला परत विचारावं लागलं नाही.

"आन् माझ्या भावाचं बी लिवा," काकू म्हणाल्या.

"भावाला जागा नाहीये आजी यात."

"मंग कडंला लिवा," काकू म्हणाल्या, आणि ती लिहीपर्यंत खिडकीतून हलल्या नाहीत.