दहा इंची सुरा

कॅम्पिंगहून परतल्यावर गाडीच्या डिकीत पाइनच्या सुया वर्षभर सापडत राहतात. अमेरिकेतल्या आमच्या बॉथेल गावच्या मराठी ग्रुपच्या किश्श्यांचंही तसंच आहे. झाडून टाकले तरी एखादा निघतोच! त्यातले निम्मे माझ्या नवऱ्याच्या, माधवच्या सुऱ्याचे.

*

सुरा घेण्याआधी माधवने तीन आठवडे व्हिडिओ पाहिले. घडीचा नको, अख्खा हवा. पात्याचं पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं हवं, त्याला फुल टँग म्हणतात. हे मला जेवताना रोज ऐकावं लागे.

दुकानात त्याने सगळ्यात मोठा निवडला, दहा इंच पात्याचा. सेल्समनने विचारलं, "याने करणार काय?"

माधव बराच वेळ विचार करून म्हणाला, "जनरल."

सेल्समनने माझ्याकडे पाहिलं. मी खरं ते सांगितलं, "कोथिंबीर."

*

पहिल्याच ट्रिपला माधवने सुरा म्यानासकट कमरेला लावला. झाली पंचाईत! म्यान मांडीपर्यंत येत होतं, त्यामुळे घडीच्या खुर्चीत बसताच येईना. काढायला सांगितलं तर म्हणे, "हाताशी असलेला बरा."

मग सगळे बसून भजी खातायत आणि हा उभा.

आमचा नागपूरचा मित्र नितीन शेवटी म्हणाला, "काऊन भाऊ, आज रात्रपाळी आहे का?"

*

एकदा दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी कॅम्पिंगला गेलो. आदल्या दिवशी माधवने सुऱ्याची पूजा केली होती, हळद-कुंकू वाहून. तो तसाच म्यानात घातला आणि प्रवासात दमट हवेने कुंकू ओलं झालं.

कॅम्पवर जंगलखात्याच्या रेंजरबाई गप्पा मारायला आल्या आणि नेमका त्याच वेळी माधवने सुरा उपसला. दहा इंच पातं, लालभडक!

बाई थबकल्या. आमची मुलगी ईशा इथेच जन्मलेली. तिला वाटलं, आपण समजावून सांगावं. ती घाईघाईने म्हणाली, "इट्स ओके! इट्स रिलिजस!"

बाई आणखी दोन पावलं मागे सरकल्या.

*

सुरा ओंडक्यावर ठेवायचा, वरून दांडक्याने ठोकायचा, की लाकूड फुटतं. व्हिडिओत फुटतं. आमच्या ओंडक्यात सुरा अर्धा शिरला आणि बसला. तीन पुरुषांनी ओढला, एकाने ओंडक्यावर उभं राहून ओढला. हलेना.

शेजारच्या तंबूतल्या पांढऱ्या केसांच्या आजी आल्या. त्यांनी तंबूच्या हातोडीने ओंडक्याला बाजूने दोन टोले दिले, सुरा काढून माधवच्या हातात ठेवला आणि "नाइस नाइफ!" म्हणून निघून गेल्या.

नितीनची बायको सीमा हसून हसून रडली. म्हणाली, "भावोजी, पुढच्या ट्रिपला याने फोडलेल्या लाकडाची शेकोटी पेटली तर ठीक. नाहीतर हा कायमचा माझ्या स्वयंपाकाच्या पेटीत!"

सगळे हसले. माधव हसला नाही. पुढच्या ट्रिपनंतर ईशा कॉलेजसाठी दूर जाणार होती. तिच्यासमोर एकदा तरी आपल्या हाताने शेकोटी पेटवायची, एवढंच त्याच्या मनात होतं. मला ते माहीत होतं.

*

आणि त्या ट्रिपला दिवसभर पाऊस!

लाकडं बाहेरून भिजलेली. माधवने ठोकून ठोकून एक ओंडका फोडला. या वेळी सुरा अडकला नाही! आतून लाकूड कोरडं निघालं. पण पेटायला पातळ सालपटं हवीत आणि थंडीने त्याची बोटं वळेनात. निघत होते ते जाड तुकडे. काडेपेटीत काड्या उरल्या तीन. पहिली विझली. दुसरी विझली. ईशा जॅकेट गुंडाळून बसली होती.

"थोडा वेळ थांब," मी म्हटलं, "तोवर मला कांदा चिरू दे." स्वयंपाकाची सुरी मी घरीच विसरले होते.

मी खाली फळीवर बसले, सुऱ्याची मूठ बुटाखाली दाबली, पातं तिरपं उभं करून धार माझ्याकडे केली. आईकडे विळीवर चिरायचे तशी. कांदा पुढे सरकवला, भराभर चकत्या पडल्या.

कांदा संपला. हात थांबले नाहीत. शेजारी पडलेलं लाकूड उचललं आणि तेही पात्यावरून हळूच सरकवलं. कागदासारखं सालपट निघालं, कुरळं. मग दुसरं. मग ढीगच!

माधवने ढीग ओंजळीत घेतला, ओंडक्याच्या तुकड्यांखाली ठेवला आणि तिसरी काडी ओढली.

पेटलं!

ईशा ओरडली, "बाबा, यू डिड इट!"

माधव म्हणाला, "लाकूड मी फोडलं. बाकी आईला विचार."

मग त्याने सुरा पुसला आणि कुणी न सांगता स्वयंपाकाच्या पेटीत नेऊन ठेवला.

सोमवारी मी कामावरून आले तर हा किचनमध्ये जमिनीवर बसलेला. समोर सिंकखालून काढलेली माझी जुनी विळी, हातात मेजर टेप. मान वर न करता त्याने विचारलं,

"काय गं, हिला म्यान मिळेल का?"