किनाऱ्यावरचे सर

आमच्या कॉलेजातले भूगोलाचे सर समुद्रकिनाऱ्यावर संशोधन करतात, तेही गोंदिया जिल्ह्यात बसून. मी तिथंच मराठी शिकवतो. पोरं विचारायची, "सर, समुद्र कोठी अन् आपण कोठी?" सर चष्मा पुसत म्हणायचे, "आपल्या केशोरीच्या धानाच्या बांधीतलं पाणी वैनगंगेत जाते, मंग गोदावरीत, मंग समुद्रात. म्हणजे आपण किनाऱ्यावरचेच."

गेल्या हिवाळ्यात ते वर्गाला घेऊन गोदावरीच्या मुखाशी गेले. सोबतीला मी होतो. समुद्र दिसताच पोरं धावत सुटली. सर वाळूवरच बसले.

"सर, पाण्यात काऊन नाही येऊन राहिले?" एका मुलीनं विचारलं.

"भेव लागते," सर म्हणाले. "आजवर नकाशातच पाह्यला होता."

तेवढ्यात लाटेनं तिची प्लास्टिकची चप्पल ओढून नेली.

"जाऊ द्या सर, जुनीच होती."

पण समुद्रात प्लास्टिक जाऊ द्यायचं नाही, हे वर्षभर सरांनीच शिकवलं होतं. ते उठले आणि पँटही न दुमडता कमरेएवढ्या पाण्यात शिरले. लाट आली की डोळे गच्च मिटत, ओसरली की पुढे सरकत. परतले तेव्हा हातात चप्पल होती.

मुलीनं ती उलटसुलट करून पाहिली. "सर, ही माही नाही."

सरांनी सुस्कारा सोडला, चप्पल तिच्याच हाती ठेवली आणि पुन्हा समुद्राकडे वळले. या खेपेला मीही बूट काढले आणि त्यांच्यामागून निघालो.