वेळ पळवायची नाही

"शूऽऽ! वर जहाज आहे!"

ओठांवर तर्जनी ठेवून काका हे इतक्या जोरात ओरडायचे की चाळीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचं. त्यांचा तरी काय दोष? उभा जन्म लोअर परळच्या मिलमध्ये साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात गेला, कान केव्हाच कामातून गेले होते. आणि अशा माणसाला नाद लागावा तो कसला? पाणबुडीच्या कॉम्प्युटर गेमचा! ज्यात सगळी मदार कानांवर.

लालबागला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. काका वरच्याच मजल्यावर राहायचे. मला 'मेकॅनिक' म्हणायचे. गेली वीसेक वर्षं हा माणूस तो एकच गेम खेळत होता आणि मी त्यांचा कॉम्प्युटर कसाबसा जिवंत ठेवत होतो. वर शत्रूचं जहाज आलं की पाणबुडीत चिडीचूप व्हावं लागतं, सगळी यंत्रं बंद. काका खोलीतला पंखासुद्धा बंद करायचे. खरंच सांगतो, ऐन मे महिन्यात!

"ह्येंका खुळ लागला हा!" काकी चुलीपाशी असल्यासारख्या घामाघूम होऊन ओरडायच्या. "पंखो लाव रे कोणीतरी, मी उकडान मरतंय!"

"थांब गो. जहाज जाऊ दे," काका शांतपणे म्हणायचे.

गेममध्ये वेळ पळवायची सोय असते. समुद्रातला आठवडा दहा मिनिटांत संपवता येतो, सगळे तेच करतात. काकांचा नियम एकच: "वेळ पळवायची नाही." चार तासांचा रस्ता असेल तर चार तास. सकाळी सातला आंघोळ करून पहिल्या पाळीला बसायचे, जेवायला सुट्टी, मिलसारखी. बसले नसतील तेव्हा गेम तिथेच थांबवून ठेवायचे. "दर्या घाई करणाऱ्याला सोडत नाही, मेकॅनिक."

एकदा कीबोर्ड बदलायला गेलो तेव्हा पाणबुडीवरच्या माणसांची यादी दिसली. परदेशी नावं पुसून काकांनी आपली घातली होती. गजा, दत्तू, मारुती, लाड्या, असे अठ्ठावीस.

"हे कोण?"

"माझं साचेखातं," काका म्हणाले. नेहमीसारखे ओरडले नाहीत. "मिल बंद पडली तेव्हा कोणाचा कोणाला निरोपसुद्धा घेता आला नाही. गेटला कुलूप, आणि पांगलो सगळे. अर्धे तर गेलेसुद्धा. इथे तरी सगळ्यांना एकदम घरी आणीन म्हणतो."

इतकी वर्षं मी ह्या माणसाला म्हातारचळ लागलाय म्हणून हसत होतो. लाज वाटली हो.

ह्या वर्षी एप्रिलमध्ये काकांच्या छातीचं दुखणं वाढलं आणि त्यांना परळच्या इस्पितळात ठेवलं. पाणबुडी तेव्हा परतीच्या वाटेवर होती, रोज एक पाळी बसलं तर नऊ दिवसांचं अंतर. कॉम्प्युटर माझ्या दुकानात आणून ठेवायला सांगितला. "तू आण रे त्यांना. बुडाली तर सगळं पुसलं जातं, तसंच ठेवलंय मी. आणि वेळ..."

"पळवायची नाही. माहीत आहे, काका."

चार दिवस मी गिऱ्हाइकांना तिष्ठत ठेवून बसलो, अगदी नियमाने. पाचव्या दिवशी सकाळी डॉक्टर म्हणाले, आता फार वेळ नाही. मी दुकानात आलो, शटर अर्धं ओढलं आणि वेळ पळवली. काका असेपर्यंत पोचावी, एवढंच डोक्यात होतं. शंभरपट वेगात वरून विमान आलेलं मला दिसलंच नाही. दिसलं तेव्हा पाणी आत शिरलं होतं. गजा, दत्तू, मारुती, एकेक नाव लाल झालं. मग यादीच गेली.

दुपारी इस्पितळात गेलो. काकांच्या कानाशी वाकून म्हणालो, "पोचली, काका. सगळे उतरले."

काकांनी अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवला. दिवस मोजत होते. "अजून पाच दिवस आहेत," ते म्हणाले.

मला रडू फुटलं. एवढा घोडा झालोय, पण आवरेना. तेव्हा त्यांनी तर्जनी ओठांवर ठेवली. "शूऽऽ." इतक्या हळू ते कधीच बोलले नव्हते. "घरी हिला सांग, आली म्हणून."

काका दुसऱ्या दिवशी पहाटे गेले. पण त्याआधी, त्याच संध्याकाळी, मी काकींना तो निरोप सांगायला वर गेलो होतो. काकी इस्पितळात न्यायला पेज करत होत्या. खोलीची नुसती भट्टी झालेली, पदर घामाने चिंब.

"काकी, पंखा का बंद?"

"बोट अजून भायर आसा मा? मगे पंखो कसो लावू?" काकी म्हणाल्या. "ते इस्पितळात गेले तेव्हापासून लावूक नाय."

"आली, काकी. आत्ताच आली."

"सगळे इले?"

"सगळे."

काकींनी पदराने तोंड पुसलं, पातेल्यावर झाकण ठेवलं आणि भिंतीला टेकून खाली बसल्या.

"मगे लाव पंखो," त्या म्हणाल्या.

मी बटण दाबलं.