सरदाराचं नाक

आमच्या पाववाल्याला सगळे ‘सरदार’ म्हणत, आणि गड्याला तो टोमणा वाटत नसे. चौकात एका जुन्या सरदार घराण्याच्या मूळपुरुषाचा दगडी पुतळा आहे, सातशे वर्षांमागचा. त्याच्या नाकाचा शेंडा वाकडा, पाववाल्याचाही वाकडा. एवढ्या एका नाकावर यानं अख्ख्या घराण्याचा डोलारा उभा केला होता. भट्टीतून पाव काढायचं लांब दांड्याचं फावडंसुद्धा भाल्यासारखं धरायचा.

सासरा रोज दुकानाच्या बाकावर बसून एकच म्हणे, “कूळ ना मूळ, आणि म्हणे सरदार. जावईबापू, पाव करपला.”

या माणसाचं तोंड एकदा बंद करायचं, मग मेलो तरी चालेल, असं पाववाल्याला झालं होतं.

अशात त्या घराण्याची वंशावळ लिहिणारे प्राध्यापक आले. घराण्याची एक शाखा मधेच गडप झाली होती, तिचा माग काढत होते. पाववाल्यानं पिठाच्या हातानंच त्यांना पुतळ्यापाशी ओढून नेलं. मागोमाग सासरा, आणि पाववाल्याची म्हातारी आत्या. पुतळ्याला खेटून उभा राहून पाववाल्यानं मान वर केली.

“ती शाखा म्हणजे मीच.”

प्राध्यापकांनी दोन्ही नाकं पुढून पाहिली, बाजूनं पाहिली. “पुतळ्याचं उजवीकडं वळलंय,” ते म्हणाले. “तुमचं डावीकडं.”

सासरा नुसता खाकरला.

आत्याला भाच्याची फजिती बघवेना. “त्यात काय एवढं? या पुतळ्याचं मूळचं नाक वीज पडून गेलं. माझा बाप पाथरवट. नवं नाक त्यानंच बसवलं. नमुना कुठला आणायचा? आरसा समोर ठेवला आणि स्वतःचंच बघून घडवलं. आरशातलं बघून केलं की बाजू उलटी व्हायचीच. पण नाक आपलंच आहे हो साहेब, बाहेरचं नाही.”

प्राध्यापकांनी पेनाला टोपण लावलं.

आत्या घराण्याची अब्रू राखल्याच्या ऐटीत परतली. पाववाला भट्टीत तोंड घालून उभा. सासरा बाकावर ऐसपैस बसला.

“मग, सरदार?”

पाववाल्यानं फावड्यानं पाव बाहेर काढला. “मामा, सरदाराला नाकच नव्हतं. आमच्या घराण्यानं दिलं. आता कोण कुणाच्या वंशातला, तुम्हीच ठरवा.”

उत्तर द्यायला सासऱ्यानं तोंड उघडलं. पाववाल्यानं त्यात पाव कोंबला. करपलेलाच.