एग्राफे

"आजी, ग्रीक नंतर शिका. आधी मराठी शिका."

सर हसत म्हणाले. पडद्यावरचे बारा चौकोनही हसले. मी पांढुर्ण्यात, जेवणाच्या टेबलाशी, वही उघडून बसले होते. नातवंडांनो, रविवारचा हा प्राचीन ग्रीकचा ऑनलाइन वर्ग तुम्हीच मला लावून दिला होता.

क्रियापद होतं 'एग्राफे'. सुरुवातीचा 'ए' काम मागच्या काळात नेतो. तेव्हा लिहिणं चालू होतं, एवढंच हे रूप सांगतं. पुरं झालं की नाही, ते सांगत नाही. मला लगेच कळलं. आनंदाच्या भरात आमच्या इकडच्या बोलीत बोलून गेले, "म्हणजे, ती लिहून राहिली होती!"

"हे कुठलं मराठी?" असं विचारून सर 'आधी मराठी शिका' ते वाक्य बोलले. मग माझा माइक बंद केला.

राग आला नाही. काहीच आलं नाही. पट्टी ठेवून, लाल शाईने, मी वहीत लिहिलेलं माझं उत्तर खोडलं.

रेघ ओळखीची होती.

सौंसरच्या शाळेत मी इंग्रजी शिकवायची. मोहगावहून येणाऱ्या एका मुलीला एकदा इंग्रजी वाक्याचा अर्थ विचारला. ती उभी राहिली. "ती लिहून राहिली होती, मॅडम."

अर्थ बरोबर होता. मी म्हणाले, "ही शाळा आहे, कापसाचं वावर नाही." वर्ग हसला. तिच्या वहीत मी अशीच रेघ मारली. वर्षभर तिने पुन्हा हात वर केला नाही. मला ती शिस्त वाटली. घरी आई माझ्याशी त्याच भाषेत बोलायची.

पुढचे चार रविवार मीही हात वर केला नाही.

मग तोंडी परीक्षा. सरांनी नेमकं तेच विचारलं. एग्राफे.

"ती लिहून राहिली होती."

"आजी, पुन्हा तेच? नीट सांगा, नाहीतर नापास करावं लागेल."

"अर्थ चुकला का, सर?"

"अर्थ नाही. भाषा."

"मग करा नापास."

केलं. प्रमाणपत्र येणार नाही, वाट पाहू नका.

ती मुलगी कुठे आहे, मला माहीत नाही. सापडली तरी माफी मागून मी सुटणार नाही. लाल पेन कचऱ्यात टाकलं, त्यानेही तिची वही कोरी होत नाही.

तुमच्याशी फोनवर मी आजवर पुस्तकी मराठी बोलत आले. तुम्हाला माझी भाषा ठाऊकच नाही. या रविवारी फोन करा. विचारा, "आजी, काय करून राहिली?" मी तसंच उत्तर देईन.

हसलात, तर फोन ठेवून देईन.